गुरुवारी श्वास मोकळा होतो का?

आपल्या मराठीत श्वासाच्या तक्रारींना किती शब्द आहेत बघा. धाप लागते, दम लागतो, दम कोंडतो, श्वास अडकतो, जीव घुसमटतो, छाती भरून येते, छातीत सुंई सुंई वाजतं, श्वास पुरत नाही, सारखे उसासे येतात... हे सगळे एकाच दुखण्याचे शब्द नाहीत हं. जिना चढताना लागते ती धाप वेगळी, रात्री दोन वाजता उठवून बसवते ती सुंई सुंई वेगळी, आणि घसा कुणीतरी आवळल्यासारखा होतो ते वेगळंच. आपल्या आज्या हा फरक बरोबर करायच्या. पण एवढा शब्दांचा ठेवा घेऊन माणूस दवाखान्यात जातो आणि कागदावर एकच शब्द उतरतो, "दमा". नाहीतर मग "टेन्शन".

गेले काही महिने हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून आज लिहायला बसले. नमनाला घडाभर तेल न घालता माझं म्हणणं आधीच सांगते. श्वासाचा त्रास हे एका डॉक्टरचं काम नाही. छातीचा डॉक्टर, कान-नाक-घशाचा डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मनाचा डॉक्टर यांनी एका टेबलाशी बसून तो माणूस तपासायला हवा. आणि आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात त्या टेबलाशी आणखी एक खुर्ची हवी, तो माणूस जिथे काम करतो त्या कारखान्याची.

हे मला सुचलं ते माझ्या मामेभावामुळे. त्याला विचारून लिहितेय, पण नाव नाही सांगत, आणि कंपनीचंही नाही. घरच्यांना कळेलच कोण ते :)

दादा चाकणजवळच्या एका व्हेंडर कंपनीत पेंट शॉपमध्ये. म्हणजे मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या कंपनीला माल देणारी कंपनी. दुचाकीच्या टाक्या, पॅनेल असलं रंगवायचं. एक्केचाळीस वर्षांचा, विडी-सिगरेट नाही, तंबाखू नाही. दोन वर्षांपूर्वी खोकला सुरू झाला. फॅमिली डॉक्टरांनी औषध दिलं, कमी झाला, परत आला. मग रात्री उठून बसायला लागला. एका ठिकाणी नाकाचं हाड वाकडं आहे म्हणून ऑपरेशन सुचवलं. दुसऱ्या ठिकाणी पंप दिला. पंपाने बरं वाटलं पण पुरतं नाही, आणि "पंपाची सवय लागते" हे सांगायला आपल्याकडे सगळी आळी तयारच असते. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या, छातीत धडधड व्हायला लागली, तेव्हा हृदयाचे डॉक्टर. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. शेवटी कुणीतरी म्हणालं, "काही नाही, टेन्शन घेताय तुम्ही." वहिनीने सगळे रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेत. पाच डॉक्टरांचे कागद त्या पिशवीत एकत्र आहेत. पाचही डॉक्टर मात्र कधी एकमेकांशी बोललेले नाहीत.

आता यातला प्रत्येक डॉक्टर खोटं बोलत होता का? अजिबात नाही. नाकाचं हाड खरंच वाकडं होतं. पंपाने खरंच फरक पडत होता. हृदय खरंच ठणठणीत होतं. आणि टेन्शन तर होतंच, रात्र रात्र श्वास मिळाला नाही तर कुणाला येणार नाही? प्रत्येकाने आपल्या खिडकीतून दिसलं ते खरं सांगितलं. घर पूर्ण कुणीच पाहिलं नव्हतं.

मग एका वयस्कर छातीच्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला. "गुरुवारी कसं वाटतं?"

बाहेरच्या वाचकांना सांगते, आपल्या या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारी नाही, बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते. पिंपरीच्या मुलांना लहानपणी बाबा घरी भेटायचे ते गुरुवारी. दादा विचारात पडला. म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी बरं असतं. दिवाळीत चार दिवस गावी गेलो होतो, तेव्हा तर पंप पण लागला नाही."

डॉक्टरांनी त्याला पीक फ्लो मीटर दिला. प्लॅस्टिकची छोटी नळी असते, जोरात फुंकायचं आणि काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवायचं. काहीशे रुपयांत मिळते. दिवसातून चार वेळा, चार आठवडे, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही. वहिनीने पोराच्या गणिताच्या वहीत तक्ता आखला. कामाच्या दिवशी आकडा ३४०-३६० च्या आसपास, गुरुवारी संध्याकाळी ४३०. मधे दोन दिवस जोडून सुट्टी आली तेव्हा ४६०. दोन वर्षांच्या रिपोर्टांत जे दिसलं नव्हतं ते त्या वहीत दिसलं.

याचं कारण त्या रंगात आहे. गाड्यांना जो चकचकीत टिकाऊ रंग मारतात त्यात दोन डबे मिसळतात, एक रंगाचा आणि एक हार्डनरचा. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवारणी करताना ती श्वासात गेली की काही जणांच्या शरीराला त्यांची ॲलर्जी बसते. सगळ्यांना नाही, पण ज्याला बसली त्याला पुढे अगदी थोडीशी मात्राही पुरते. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्रास पुष्कळदा लगेच होत नाही. काही तासांनी होतो, घरी आल्यावर, रात्री झोपेत. त्यामुळे माणूस संशय घेतो तो गादीतल्या धुळीवर, मच्छर अगरबत्तीवर, बायकोच्या फोडणीवर. कंपनीवर घेत नाही. फडकं बांधून किंवा साधा मास्क लावून हे थांबत नाही, फवारणीच्या कामाला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, असा दमा जितक्या लवकर ओळखून माणसाला त्या कामावरून हलवाल तितका तो बरा होण्याची शक्यता जास्त. उशीर केला तर काम सोडल्यावरही दमा राहतो. म्हणजे इथे निदानाच्या उशिराची किंमत पैशात नाही, उरलेल्या आयुष्यभराच्या श्वासात मोजायची असते.

हे काही नवं ज्ञान नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात, डॉक्टरने सरकारला कळवलेच पाहिजेत अशा व्यवसायजन्य रोगांची एक यादी होती, आणि त्यात सिलिकोसिसबरोबर आयसोसायनेटची विषबाधाही होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. कायदा जुना असो की नवा, डॉक्टरने आधी "काय काम करता?" हे विचारलं तरच कळवण्याचा प्रश्न येतो ना! दादाच्या पिशवीतल्या पाच कागदांपैकी एकावरही त्याचं काम लिहिलेलं नव्हतं. "सर्व्हिस" एवढंच.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की झालं, कारण सापडलं, विषय संपला. पण नाही. दुसरा अर्धा भाग तर पुढेच आहे.

दादा पेंट शॉपमधून हलला (कसा ते पुढे सांगते), औषध नियमित सुरू झालं, वहीतले आकडे सुधारले. तरी त्याची तक्रार चालूच. "श्वास पूर्ण भरत नाही." आकडा ४५० आणि माणूस म्हणतोय जीव घुसमटतोय. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आलेत, त्यात ९८ दिसतं, आणि मग सगळे मिळून त्याला पटवतात की तुला काही झालेलं नाही. याच्याइतकं एकटं पाडणारं वाक्य नसेल.

त्या डॉक्टरांनी त्याला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आपल्याला वाटतं फिजिओ म्हणजे गुडघे आणि कंबर. तिने दहा मिनिटं त्याच्याशी गप्पा मारल्या आणि गप्पा मारता मारता त्याचे श्वास मोजले. मिनिटाला चोवीस! खांदे वर उचलून, तोंडाने, मधून मधून मोठे उसासे. शांत बसलेल्या माणसाला बारा ते वीस पुरतात. दोन वर्षं श्वासाची धास्ती घेऊन जगता जगता त्याची श्वास घ्यायची पद्धतच बिघडली होती. याला इंग्रजीत नाव आहे, मी आपलं "बिघडलेला श्वास" म्हणते. जास्त वेगाने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं, छातीत धडधड. ऑक्सिजन भरपूर असतो, पण वाटतं हवा कमी पडतेय. म्हणून माणूस आणखी जोरात ओढतो आणि आणखी बिघडतं. पाण्यात पडलेल्या माणसाने हात-पाय झाडावेत तसं.

हे दम्याच्या ऐवजी होतं असं नाही, पुष्कळदा दम्याबरोबर होतं. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक पाहणी आली होती. तिथल्या एका दवाखान्यातल्या दम्याच्या पेशंटना सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली दिली (हॉलंडमधल्या नायमेगेन गावाच्या नावाने ती ओळखतात), तर साधारण दर तीन बायकांमागे एकीत आणि दर पाच पुरुषांमागे एकात श्वासाची पद्धत बिघडल्याची लक्षणं दिसली. असाच दुसरा चकवा घशाचा. काही जणांच्या स्वरतंतूंच्या पट्ट्या श्वास आत घेताना उघडायच्या त्या मिटतात. छातीचा पंप तिथे काय करणार? अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी असे ९५ पेशंट अभ्यासले, तो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त लोकांना हा त्रासही होता आणि दमाही. बाकीच्यांना दमा नव्हताच, पण सरासरी पावणेपाच वर्षं त्यांच्यावर दम्याचे उपचार चालले होते. यावरचा इलाज करते स्पीच थेरपिस्ट. किती जणांना तिच्याकडे पाठवलं जातं आपल्याकडे?

आता नातेवाईक मंडळींचा आवडता सल्ला, "प्राणायाम कर की रे!" मावशी, तू चुकीचं सांगत नाहीयेस. पण कुठला प्राणायाम, कुणी, कधी? भराभर श्वास फेकण्याची ज्याला आधीच खोड लागली आहे त्याला टीव्हीवर बघून कपालभाती करायला लावणं म्हणजे आगीत तेल. आपल्या वाटेवरच, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. प्राणायामाने शरीराला खूप जास्त ऑक्सिजन मिळतो हा लोकप्रिय समज खरा नाही, हे त्यांनी १९३० च्या दशकातच मोजमाप करून सांगितलं होतं. प्राणायामाचा फायदा त्यांच्या मते दुसरीकडे होता. म्हणजे आपल्याच परंपरेतला माणूस म्हणत होता की आधी मोजा, मग बोला. दादाच्या फिजिओने तरी वेगळं काय शिकवलं? तोंड बंद, नाकाने श्वास, पोट हलू दे, खांदे नको, आणि श्वास सोडताना घाई नको. रोज दोनदा दहा दहा मिनिटं. सहा आठवड्यांनी मुंग्या गेल्या. हे सगळं आपल्या आजोबांनाही ओळखीचं वाटलं असतं. फरक एवढाच की हे त्याची फुफ्फुसं, घसा, हृदय सगळं तपासून झाल्यावर, त्याच्यासाठी म्हणून शिकवलं गेलं.

पिंपरीच्या आपल्या पिढीवर पेनिसिलिनचा एक संस्कार आहे असं मला नेहमी वाटतं. १९५४ साली सरकारने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. एचए कॉलनी, एचएची शाळा, हे आपल्या गावाचं वैभव. एक जंतू, एक औषध, माणूस बरा. त्या काळाला ते चमत्कारासारखंच होतं आणि त्याने लाखो जीव वाचवले. पण श्वासाच्या बऱ्याच दुखण्यांना एक जंतू नसतो. रंगाचा फवारा, फाउंड्रीतली वाळू, वेल्डिंगचा धूर, नाशिक हायवेवरचा डिझेलचा धूर, रात्रपाळी, भीती, नाकाचं हाड, यांची मिळून एक गुंतागुंत असते. तिच्यासाठी एक इंजेक्शन शोधत बसलो तर दादासारखी पिशवी भरत जाते.

एकत्र बसून उपचार केल्याने खरंच फरक पडतो का? लंडनमधला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या, हृदयाच्या किंवा कॅन्सरच्या वाढलेल्या आजारामुळे सतत धाप लागणारे १०५ पेशंट. त्यातल्या निम्म्यांसाठी छातीचे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वेदनाशमन करणारे लोक मिळून काम करत होते. त्या लोकांना आपल्या धापेवर जास्त ताबा आल्यासारखं वाटलं. आजार होता तोच होता, पण त्याच्यापुढची असहायता कमी झाली. मला हे फार मोठं वाटतं.

आणि कारखान्याची खुर्ची कशाला? बर्मिंगहॅममध्ये लाँगब्रिज म्हणून भाग आहे, तिथे मोटारींच्या इंजिनाच्या कारखान्यात २००३-०४ मध्ये ८० पेक्षा जास्त कामगार आजारी पडले. मशीनवर कूलंट उडतं ना, त्याचे तुषार श्वासात जाऊन. कुणाला दमा, कुणाला फुफ्फुसाची सूज. एकेकट्या कामगाराकडे बघितलं असतं तर तो एक खोकणारा माणूस होता. डॉक्टर कारखान्यापर्यंत पोचले म्हणून ती साथ आहे हे कळलं. चाकणला आणि भोसरीला किती मशीन शॉप आहेत, आणि किती ठिकाणी संध्याकाळी घरी येणाऱ्याच्या शर्टाला कूलंटचा वास येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यावर लोक म्हणतील, ओपीडीत पेशंट बघायला पाच मिनिटं मिळत नाहीत, एवढे डॉक्टर एकत्र कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. पण कॅन्सरसाठी आपल्याकडे मोठ्या हॉस्पिटलांत ट्यूमर बोर्ड बसतातच की. सर्जन, रेडिएशनवाले, औषधवाले एकत्र बसून एका पेशंटचं ठरवतात. सगळ्यांसाठी हे करायची गरज नाही. दहातल्या आठ जणांचं निदान एक चांगला डॉक्टर करेलच. पण औषध नीट घेऊनही जो तीन महिन्यांत सुधारत नाही, त्याच्यासाठी महिन्यातून दोन सकाळी पुरतील. संत तुकारामनगरचं महापालिकेचं वायसीएम आहे, चिंचवडला ईएसआयचं रुग्णालय आहे, पिंपरीत मेडिकल कॉलेज आहे. नवी इमारत नको, नवं मशीन नको. एक टेबल आणि आपल्या विषयाबाहेरचं ऐकून घ्यायची तयारी हवी. आणि त्या टेबलाशी समाजसेवा अधीक्षकही हवा. का ते सांगते.

दादाला पेंट शॉपमधून काढून पॅकिंगला टाकलं, ते कुठल्या कायद्याने नाही. सुपरवायझर गावाकडचा निघाला आणि त्याने मनावर घेतलं म्हणून. तो कंत्राटावर आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली असती तर काय झालं असतं, या भीतीने त्याने चिठ्ठी दाखवलीच नाही. पॅकिंगला ओव्हरटाइम नाही, त्यामुळे घरात येणारे पैसे कमी झाले, आणि पोराचा क्लास बंद करावा लागला. निदान बरोबर झालं आणि त्याची किंमत त्या पोराने दिली. ज्या उपचाराच्या शेवटी माणसाला श्वास की पगार हे एकट्याने निवडावं लागतं, तो उपचार पुरा झाला असं मी म्हणणार नाही. त्याच्या वतीने बोलणारं, त्याचे हक्क माहीत असणारं कुणीतरी त्या खोलीत हवं.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला झोपू देत नाही. दादाच्या जागेवर आता लातूरकडचा एक बावीस वर्षांचा मुलगा हार्डनर मिसळतो. तोच डबा, तोच बूथ, तसाच तोंडाला रुमाल. दादाने त्याला सांगितलं, "बाबा, रात्री खोकला आला तर लपवू नको." मुलगा हसला म्हणे. त्याला अजून काही होत नाहीये. दादाला तरी पहिली काही वर्षं कुठे काय होत होतं?

म्हणून सांगते मंडळी, तुमच्या घरात, शेजारात कुणाला दम लागत असेल तर पिशवी घेऊन सहाव्या डॉक्टरकडे जायच्या आधी एका कागदावर चार गोष्टी लिहा. काम काय करतो, नेमकं, "सर्व्हिस" नाही. श्वास घेताना अडतं की सोडताना. रात्री घोरणं आणि मधेच श्वास थांबणं आहे का (ते झोपेचं वेगळंच दुखणं असतं आणि रात्रपाळीच्या थकव्याखाली ते सहज लपतं). आणि चौथी गोष्ट, गुरुवारी कसं वाटतं. हा कागद डॉक्टरांच्या हातात द्या. ते वाचतील.

लातूरच्या त्या मुलासाठी मात्र अजून काही सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी कारखान्यात सेफ्टीचं काम बघत असेल, तर नाव न सांगता अशा वेळी आतून काय करता येतं, ते मला जरूर कळवा.